पंचाहत्तर हजारांचं डिपॉझिट आणि मोबाईलवर आलेली लिंक

‘ताई, नमस्कार. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेय, साताऱ्यात राहते. कोथरूडला आमचा फ्लॅट आहे, तो भाड्यानं देते. मागचं कुटुंब 33 महिने राहिलं आणि 31 मार्चला घर सोडून बंगळूरला गेलं. करारात एक महिन्याची नोटीस होती, पण त्यांनी 20 मार्चला फोन करून सांगितलं. डिपॉझिट 75,000 होतं, भाडं 22,000. रंगकाम 28,000, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या 14,500, बाथरूमचा दरवाजा 6,000, विजेचं शेवटचं बिल 3,200 आणि नोटिशीचं एक महिन्याचं भाडं 22,000 असे 73,700 कापून घेतले आणि उरलेले 1,300 त्यांना पाठवले. नवीन भाडेकरू 16 एप्रिलला आले. आता जुन्यांनी कुठल्याशा ऑनलाइन मध्यस्थी संस्थेमार्फत मला व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस धाडलीय. लिंक उघडा, तारीख निवडा, फीचा तुमचा निम्मा वाटा 1,500 रुपये भरा. भाचा म्हणतो, मावशी, उत्तरच देऊ नकोस, ही सगळी फसवणूक असते. आमचे हे गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष होते. बांधाचे तंटे त्यांनी पारावर बसून मिटवले. समोरासमोर बसल्याशिवाय मोबाईलवर तंटा मिटतो का? आणि मला जावंच लागेल का?’

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, नमस्कार.

भाच्याला रागावू नका. रोज पेपरात ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या वाचून कुणीही असंच म्हणेल. पण तुमच्या बाबतीत खातरजमा करणं अगदी सोपं आहे, आणि ते कुणालाच सुचलेलं दिसत नाही. जुन्या भाडेकरूंचा नंबर तुमच्याकडे आहे. त्यांना फोन करा आणि विचारा, ‘ही नोटीस तुम्हीच पाठवलीय का?’ हो म्हणाले, तर संस्थेचं नाव त्यांच्याकडून घ्या, संस्थेची वेबसाइट लिंकवरून न जाता स्वतः शोधून उघडा, तिथल्या नंबरवर फोन करून नोटिशीचा क्रमांक सांगा. तोवर पैसे भरायचे नाहीत, आधारचा फोटो पाठवायचा नाही, ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. भाडेकरू ‘आम्ही नाही बुवा पाठवली’ म्हणाले, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवून टाका.

नोटीस खरी निघाली, तर तिच्यात एक शब्द शोधायचा: ‘मध्यस्थी’ की ‘लवाद’? इंग्रजीत असेल तर मीडिएशन की आर्बिट्रेशन? माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्यांचा इथंच घोटाळा झालेला असतो, कारण दोन्ही नोटिसा दिसायला सारख्याच. तोच लोगो, तीच निळी लिंक.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांचं ऐकतो, दोघांना बोलतं करतो, आकडे जवळ आणतो. तुम्ही नाही म्हणालात तर तो तुमच्यावर काहीही लादू शकत नाही. अगदी बैठकीच्या मध्यावर ‘मला हे पुढं चालवायचं नाही’ म्हणून उठलात तरी चालतं. लवादाचं तसं नाही, तो निकाल देतो. लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, आणि नोटीस मिळूनही तुम्ही गैरहजर राहिलात तर तो एकतर्फीही होऊ शकतो. म्हणून लवादाची नोटीस आली तर गप्प बसायचं नाही. तुमचा करार काढा आणि त्यात लवादाचं कलम आहे का ते वाचा. नसेल तर ‘आमच्या करारात लवादाची तरतूद नाही’ असं लेखी कळवा. कलम असेल आणि समोरच्यानं एकट्यानंच लवाद नेमला असेल, तर त्यावर लगेच लेखी हरकत घ्या. वादात ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्येच सांगितलं आहे. कर्जाच्या हप्त्यांवरून अशा नोटिसा आलेल्या वाचकांनीही हा परिच्छेद जपून ठेवावा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची नोटीस मध्यस्थीची दिसते. तेव्हा जावंच लागेल का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. पण जा. का ते सांगते, आणि त्यासाठी थोडं कडू बोलावं लागणार आहे.

तुमचा हिशेब मी दोनदा वाचला. 75,000 मधून 73,700 कापले आणि 1,300 परत केले. बाई, ते 1,300 पाठवले नसते तर एक वेळ बरं झालं असतं! तेहतीस महिने वेळेवर भाडं भरणाऱ्या माणसाच्या खात्यात 1,300 रुपये जमा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा तुमची भांडणाला बसायचीच तयारी आहे असा अर्थ त्यानं काढला असणार. तुमच्या मनात तसं नसेल, पण आकडाच तसा होता.

आता एकेक रक्कम बघू. वही घ्या, शाळेत घ्यायचात तशी. विजेचं बिल 3,200, कागद हातात आहे, प्रश्नच नाही. बाथरूमचा दरवाजा 6,000. पत्रासोबत तुम्ही जे स्क्रीनशॉट पाठवलेत त्यात भाडेकरूंनीच लिहिलंय, ‘दरवाजाचं बघतो मी, सुताराला सांगतो.’ बिजागरीसकट उखडलेल्या दरवाजाचा फोटोही आहे. हाही पक्का धरा.

नोटिशीचं भाडं मात्र पूर्ण 22,000 मागता येणार नाही. 20 मार्चला सांगितलं म्हणजे महिना 20 एप्रिलला भरतो. भाडं त्यांनी मार्चअखेरपर्यंत दिलंय. पण तुमच्याकडे 16 एप्रिलला नवीन माणसं राहायला आली, म्हणजे घर रिकामं राहिलं ते पंधरा दिवस. तुमचं नुकसान झालं ते 11,000. कराराचा भंग झाला की झालेल्या नुकसानीइतकी वाजवी भरपाई मिळते. एकाच दिवसाचं भाडं दोघांकडून घेता येत नाही.

ट्रॉल्यांवर खरा वाद आहे. सिंकखालचा पाइप गळत होता, तो त्यांनी वेळेवर कळवला नाही, म्हणून प्लायवूड फुगलं, हे तुमचं म्हणणं. पाइप जुनाच होता, तो बदलणं घरमालकाचं काम, असं ते म्हणणार. दोन्हींत तथ्य आहे. तुम्ही दोघं माझ्यासमोर बसला असता तर निम्म्यावर, म्हणजे 7,250 च्या आसपास, गाडी थांबली असती असं मला वाटतं.

आणि रंगकाम. इथं मात्र मी तुमच्या बाजूनं बोलू शकत नाही. तेहतीस महिने माणसं राहिली की भिंती मळणारच. स्वयंपाकघरात फोडणी बसते, कपाट सरकवताना ओरखडे उठतात. वापरानं होणारी झीज ही भाड्यातच धरलेली असते. तुमच्या करारात रंगकामाचं वेगळं कलम असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी वाचा. नसेल, तर फार तर ती एक भिंत मागा, त्यांच्या लेकीनं खडूंनी मोर आणि झेंडा काढलेली. (फोटो पाहिला. मोर चांगला जमलाय.)

बेरीज करा. 3,200 आणि 6,000 पक्के, 11,000 जवळपास पक्के, म्हणजे 20,200. ट्रॉल्यांचे निम्मे धरले तर 27,450. म्हणजे तुमच्याकडे राहायला हवेत ते साधारण 20 ते 28 हजार, 73,700 नव्हेत. उरलेले परत करायचे. म्हणूनच म्हणते, फीचे 1,500 महाग नाहीत. महाग पडणार आहे ते रंगाच्या 28,000 वर पाणी सोडणं, आणि ते आज ना उद्या कुणाहीसमोर सोडावंच लागणार आहे.

समजा तुम्ही मध्यस्थी नाकारली. भाडेकरू पैसे मागायला कोर्टात जातील, पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मग तुम्ही पुण्यात वकील करायचा, खंबाटकी घाट उतरून तारखेला जायचं, आणि तिथं कळायचं की आज साहेब रजेवर आहेत. ते बंगळूरहून येणार, तुम्ही साताऱ्याहून. 40-50 हजारांसाठी दोघंही वकिलांना तेवढेच देऊन बसाल. मी वकील आहे, माझ्या पोटावर पाय येतोय तरी सांगतेय.

आता तुमच्या पाराच्या प्रश्नाकडे येते. तो मला मनापासून आवडला. आर. आर. आबा गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा शहरातल्या आम्हा वकिलांनी नाकं मुरडली होती. पण तुमच्या यजमानांसारखी माणसं काय करायची ते आठवून बघा. दोन्ही भावांना एकदम पारावर बसवून बांधाचा फैसला व्हायचा का? मी पाहिलेलं सांगते. आधी एकाच्या ओसरीवर चहा व्हायचा, मग दुसऱ्याच्या. ‘तू दोन फूट सोडशील का, मी त्याला सांगणार नाही, पण मनात धरून ठेव.’ पारावर यायच्या आधीच निम्मं काम झालेलं असायचं. ऑनलाइन मध्यस्थी तेच करते. आधी सगळ्यांची एकत्र बैठक, मग प्रत्येकाशी वेगळं बोलणं. मध्यस्थ एक बटण दाबतो आणि पडद्यावर तुम्ही आणि तो एवढेच उरता, समोरच्याला ना दिसत ना ऐकू येत. तिथं सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय तो पलीकडे नेत नाही. ओसरीवरचा चहा तेवढा मिळत नाही.

आणि एक फायदा आहे जो पारावर नव्हता. समोरासमोर बसलं की आवाज चढतो. मोबाईलवर दोघं एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून निमूटपणे पाळीनं बोलावं लागतं. मागे एका बैठकीत घरमालक गृहस्थ रागारागात बोलत होते आणि त्यांचा माइक बंदच होता. दोन मिनिटं नुसते हातवारे. माइक चालू केला तोवर त्यांना स्वतःलाच हसू आलं. पलीकडचा भाडेकरूही हसला. त्यानंतर अर्ध्या तासात मिटलं ते.

तुमच्या बैठकीला तयारी काय? करार, बिलं, फोटो, मेसेज हे सगळं आधी मध्यस्थाला पाठवा, बैठकीत मोबाईल हलवून भिंत दाखवत बसू नका. फोटो कधी काढलाय ती तारीख महत्त्वाची. मराठी येणारा मध्यस्थ मागा, नाहीतर निदान हिंदी तरी. इंग्रजीत ‘ओके ओके’ म्हणत सही करून बसाल आणि रात्री झोप लागणार नाही. भाचा शेजारी बसणार असेल तर त्याला कॅमेऱ्यात घ्या आणि सुरुवातीलाच सांगा. पडद्याबाहेरून कुणी कुजबुजतंय हे पलीकडच्याला लगेच कळतं आणि विश्वास उडतो. मोबाईल हातात धरू नका, बरणीला टेकवून ठेवा, चार्जरला लावून. आणि दुपारी नळाला पाणी यायच्या वेळेची बैठक घेऊ नका.

संमतिपत्र आधी वाचून घ्या. इथं बोललेलं पुढं कोर्टात वापरायचं नाही आणि रेकॉर्डिंग करायचं नाही, अशी वाक्यं त्यात हवीत. कोर्टानं मध्यस्थीला पाठवलेल्या प्रकरणांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सांगितलंय की मध्यस्थानं एकतर झालेला समझोता पाठवावा, नाहीतर ‘मध्यस्थी निष्फळ’ एवढंच कळवावं, आत कोण काय बोललं ते नव्हे. खासगी संस्थेत तुम्ही स्वतः गेलात तरी तीच शिस्त लेखी मागून घ्या. फी किती, दोघांत कशी वाटायची, मिटलं नाही तर परत मिळते का, दुसरी बैठक लागली तर आणखी भरायची का, हेही लेखीच.

मिटलं, तर समझोता लिहिताना घाई नको. किती रुपये, कुठल्या खात्यावर, कुठल्या तारखेला. डिपॉझिट, भाडं, दुरुस्ती याबद्दल यापुढे दोघांचाही एकमेकांवर कसलाही दावा राहिला नाही, हे वाक्य हवंच. भाडेकरूंनी वकिलाची नोटीस दिली असेल तर ती मागे घेतल्याचंही लिहून घ्या. आता असा समझोता मोडला तर पुढं काय? मध्यस्थीसाठी 2023 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, पण त्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत, तेव्हा ‘सही झाली म्हणजे हुकूमनामाच झाला’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. खासगी समझोता हा निदान करार तरी असतोच. त्याला हुकूमनाम्याचं बळ हवं असेल तर दोघांनी मिळून तो लोकअदालतीत दाखलपूर्व (म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून न्यावा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. त्याला कोर्ट फीही लागत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र मी याहून सोपा उपाय सुचवते. पैसे द्यायचे आहेत ते तुम्हाला, त्यांना नव्हे. बैठक संपायच्या आत, सगळे पडद्यावर असतानाच, यूपीआयनं किंवा बँकेतून रक्कम पाठवा आणि ‘मिळाले’ असा त्यांचा मेसेज समझोत्याला जोडा. हप्ते नकोत, पुढच्या तारखा नकोत. मग मोडायला काही उरतच नाही.

खासगी संस्थेचा भरवसा वाटत नसेल तर दुसराही मार्ग आहे. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथं साध्या अर्जावर तुमचं प्रकरण समेटासाठी घेतात, पैसे लागत नाहीत, आणि समोरचा बंगळूरला आहे हे सांगून त्याला व्हिडिओवर जोडून घेण्याची विनंती करता येते. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पेन्शन असली तरीही. म्हणजे ती व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस छापून नेलीत तर वकील तुम्हाला ती फुकट वाचून सांगतील. जायच्या आधी 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करा.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. बिल्डरशी वाद असेल तर महारेराच्या सलोखा मंचाकडे आधी बघा, तिथं ग्राहक संघटनेचा आणि विकासकांच्या संघटनेचा असे दोन्हीकडचे लोक बसतात. फ्रिज, मोबाईल, क्लासची फी, असल्या तक्रारी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर. शेअर ब्रोकरशी वाजलं असेल तर सेबीनं 2023 पासून ऑनलाइन समेटाची वेगळी सोय केली आहे. आणि घरात मारहाण होत असेल, कुणी खोटी सही केली असेल, धमक्या येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा. तिथं मध्यस्थी नाही, पोलिस आणि वकील.

बाई, भाडेकरूंशी तुमचं शेवटचं बोलणं 1,300 रुपये पाठवताना झालं. म्हणून बैठकीच्या आधी त्यांना एक मेसेज जायला हवा. तुम्हाला तो लिहिणं जड जाईल, म्हणून मीच लिहून देते. हवं तर शब्द बदला, पण आज रात्री नको, रागात लिहाल. उद्या सकाळी चहा झाल्यावर पाठवा:

‘नमस्कार. मध्यस्थीची नोटीस मिळाली, ती तुम्हीच पाठवलीय ना, एवढं कळवा. बसून मिटवायला माझी तयारी आहे. रंगकामाचा मी पुन्हा विचार करते. दरवाजाचं, विजेचं आणि एप्रिलच्या पंधरा दिवसांचं तुम्ही बघा, ट्रॉल्यांचं आपण बोलू. सगळी बिलं पाठवतेय. मराठी बोलणारे मध्यस्थ मिळाले तर बरं होईल. पुढच्या आठवड्यात सकाळी अकरानंतर कधीही चालेल. छोटीची शाळा सुरू झाली का तिकडे?’